दोनशे सहाची कडी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

शेठनी दिवाळीची भेट म्हणून ही डायरी दिली. यंदाचीच. दहा महिने कोरेच निघून गेलेले. अंजनी म्हणाली, "असली कसली भेट? अर्धी खाल्लेली भाकर दिल्यासारखी." मी म्हटलं, राहू दे, उरलेली अर्धी तरी गरम आहे.

पहिल्या पानावर नाव-गाव लिहायला जागा आहे, म्हणून लिहितो. नाथा, राहणार जांभूळ. चौथी पास. पुढचं लिहिणं-वाचणं अंबरनाथच्या डब्यांच्या कारखान्यात शिकलो, नापास डब्यांच्या चिठ्ठ्या लिहीत लिहीत. बत्तीस वर्षं चेकर होतो. आता दोन वर्षं बदलापूरच्या या हॉटेलच्या फाटकावर वॉचमन.

म्हणजे कालपर्यंत. आज शेठ उल्हासनगरहून आले आणि मला आत बोलावलं. जूनमध्ये एकशे आठमधले गृहस्थ साखर उतरून बेशुद्ध पडले होते. दारावर 'त्रास देऊ नका'ची पाटी, म्हणून दीड दिवस कोणी दार उघडलं नाही. वाचले बिचारे, पण शेठची झोप गेली ती गेलीच. आता नवा नियम. पाटी असो नसो, रोज एकदा प्रत्येक खोलीत माणसाने डोकावायचं, पाहुणा सुखरूप आहे का, गिझर, पाणी, पंखा ठीक आहे का, ते बघून कागद भरायचा. शेठ म्हणाले, "नाथा भाई, जवान लड़का भेजूँ तो गेस्ट नाराज. तुम्हारे सफेद बाल देखकर कोई कुछ नहीं बोलेगा, साईं."

मग मॅनेजर सनीने माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. पत्त्यांतल्या पत्त्याएवढं. दाराला लावलं की हिरवा दिवा लागतो आणि दार उघडतं. एका कार्डाने अठ्ठावीस दारं. देवळातल्या गुरवाकडेही एकाच गाभाऱ्याची किल्ली असते. मी ते कार्ड सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि दिवसभर छातीवर हात ठेवून हिंडलो. आतून कडी घातली असेल तर मात्र कार्ड चालत नाही, तेव्हा लाल दिवा लागतो. ते पाहून का कोण जाणे, बरं वाटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काय सांगू. बासष्ट-पासष्ट वर्षं माणसं पाहिली असं समजत होतो. माणूस त्याच्या रिकाम्या खोलीत दिसतो तेवढा तोंडावर दिसत नाही.

एकशे तीनमध्ये औषधकंपनीचा एक जाडा माणूस आहे, मोबाईलवर सगळ्यांना शिव्या देत असतो. त्याच्या उशीखाली लहान मुलाचा एक मोजा. फक्त एक. एकशे अकरामध्ये लग्नाला आलेलं कुटुंब, सहा माणसं, पण चपला भिंतीशी ओळीत, मोठीपासून लहानीपर्यंत, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. तीनशे दोनमधल्या पोराने आरशाला एक चिठ्ठी चिकटवली आहे, 'आज घाबरायचं नाही'. मुलाखतीला आला असेल. मी आरशापुढे उभा राहिलो तर मलाच धीर आला.

आत शिरायच्या आधी मी खाकरतो. आमच्याकडे वडीलधारा माणूस घरात येताना ओट्यावरच खाकरायचा, म्हणजे आतल्या सुनांनी पदर सावरावा, कोणी रडत असेल तर डोळे पुसावेत. माझा बाप तर स्वतःच्या गोठ्यात शिरतानाही खाकरायचा. सनी म्हणतो, "काका, बेल है ना." मी म्हटलं, बेल सांगते आलो म्हणून. खाकरणं विचारतं, येऊ का म्हणून.

कागदाला एकच मोठी चौकट आहे, 'निरीक्षण'. मी ती पूर्ण भरली. श्यामकांत साहेबांची शिकवण आहे. कारखान्यात ते आमचे क्वालिटीचे साहेब. पहिली पेन्सिल त्यांनीच दिली. म्हणायचे, "नाथा, तुझं मत नको. डोळ्याला दिसेल ते लिही. पोचा दिसला तर पोचा, केस दिसला तर केस." अठ्ठावीस खोल्या, नऊ पानं झाली.

घरी तुळशीचं लग्न होतं. उशीर झाला म्हणून अंजनीने ऊस माझ्या हातात न देता नुसता दाखवला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

माझे कागद सनी रोज काउंटरवर मोठ्याने वाचतो. झाडलोट करणाऱ्या रखमाबाई, किचनमधले दोघे, सगळे जमतात. "अरे सुनो सुनो, आज काकाने एकशे तीन में क्या लिखा." मोज्याचं वाचलं तेव्हा किचनमधल्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं, चौथी पास माणसाने आणखी काय मागावं. बायको-पोरांपलीकडे माझं लिहिलेलं आजवर फक्त नापास डब्यांनी वाचलं.

रखमाबाई तेवढ्या म्हणाल्या, "भावजी, माझ्या घरात तुम्हाला पाठवू नये बाई." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

सगळ्यांना उत्सुकता दोनशे सहाची. एक बाई एकट्याच आहेत, साठीच्या आसपास, महिनाभराची खोली घेतलेली. रोज नऊला पिशवी घेऊन बाहेर पडतात, एकला परत येतात, मग दारावर पाटी. आजचं तिथलं माझं निरीक्षण सनीला इतकं आवडलं की मी इथे उतरवून ठेवतो:

'चहाचा कप धुऊन बशीत पालथा. चष्म्याला काळी दोरी. उशी डोक्याशी नाही, पायाखाली घेतात. चपट्या डबीत आवळासुपारी. साबण, ब्रश, पेला सगळं डाव्या हाताला, पाहुणे डावखुरे. वर्तमानपत्राची आठपदरी घडी. पेन्सिली चाकूने टोक केलेल्या. आतल्या कडीला खोबरेल तेल घातलेलं आहे. मेंटेनन्सवाल्याला विचारलं, त्याने घातलं नाही. पाहुण्यांनीच घातलं. टेबलावर मोठं काहीतरी, पांढऱ्या चादरीने झाकलेलं.'

कडीला तेल. हॉटेलच्या कडीला कोण तेल घालतं? चार दिवसांच्या खोलीवर कोणी इतकी माया करतं हे पाहून मी दारातच उभा राहिलो थोडा वेळ.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज दोनशे सहामध्ये हातून चूक होता होता राहिली. नियमात आहे, 'झाकलेली संशयास्पद वस्तू तपासावी'. मी चादरीचं टोक बोटांत धरलं. धरलं आणि वाटलं, हा टेबलावरचा कपडा नाही, कोणाच्या तरी अंगावरचा पदर आहे. सोडून दिलं. कागदावर लिहिलं, 'झाकलेलं आहे. धोका वाटत नाही.'

वळतो तर बाई दारात. मी कानाला हात लावला. म्हटलं, चेकिंगवाला नाथा आहे ताई, खाकरलो होतो, आतून आवाज आला नाही म्हणून आलो.

"तुम्ही खाकरता होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, शेजारच्या खोलीत कोणाला तरी खोकला झालाय. माझे आजोबा असेच यायचे. पायरीवरून ओळखू यायचे."

मग त्यांनी चादरीकडे पाहिलं आणि माझ्याकडे.

मी म्हटलं, "टोकाला हात लागला. वर उचललं नाही."

"का नाही उचललं?"

मी कागदाची घडी करून खिशात घातली. त्यांनी डबी पुढे केली, मी आवळासुपारी घेतली. म्हणाल्या, "नाथाभाऊ, दुपारी पाटी असली तरी तुम्ही खाकरत जा. मी आतून 'आहे' म्हणेन. म्हणजे तुमचाही नियम पाळला आणि माझंही दार बंद."

किती सोपं. शेठला, सनीला, मला कोणालाच सुचलं नव्हतं. चेहरा मात्र कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत राहिला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

खाकरलो. "आहे." एवढंच. पण त्या 'आहे'त आज गाणं होतं. बोटांना पेन्सिलीचं काळं लागून ती निसरडी झाली असणार, कारण पेला निसटून पडल्याचा आवाज आला आणि त्या स्वतःशीच हसल्या. हेही कागदावर लिहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दरवर्षी नवा तांदूळ निघाला की पहिली पिशवी श्यामकांत साहेबांकडे. आजही अंबरनाथला गेलो. साहेब थकलेत. दाढी वाढलेली. बाईसाहेब एरवीही बाहेर येत नाहीत, पण आज आतून बांगड्यांचा आवाजही नव्हता. विचारलं तर म्हणाले, "नाशिकला बहिणीकडे गेली आहे." चहा त्यांनीच केला, साखर विसरले. मी तसाच प्यायलो.

हात धुवायला पहिल्यांदाच आत गेलो तर बाथरूमच्या दाराला कडी नाही. बेडरूमलाही नाही. चार-चार भोकं, पुट्टीने बुजवलेली. चेकरची नजर, लपत नाही. साहेब म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी ही आंघोळ करताना चक्कर येऊन पडली. दार फोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या कड्या काढल्या. आता मी केव्हाही आत जाऊ शकतो. सेफ्टी म्हणजे सेफ्टी."

मी थक्क झालो. जो नियम आमच्या शेठला परवा सुचला तो साहेबांच्या घरात अकरा वर्षं चालू आहे. मी तसं बोललो. मग राहवलं नाही. माझ्या कागदांची नक्कल उतरते ती कार्बनची वही पिशवीत होतीच, काढून दाखवली. म्हटलं, बघा साहेब, तुमच्या पेन्सिलीचा प्रताप.

साहेबांनी चष्मा लावला. पहिली पानं भराभर उलटली, दोनदा "वा" म्हणाले. मग एका पानाशी थांबले. किती वेळ थांबले म्हणून सांगू, समोर त्यांच्या चहावर साय धरली. ते पान त्यांनी दोनदा वाचलं, ओळीवर बोट ठेवून.

"हे दोनशे सहा कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या."

"खिडकी कुठल्या बाजूला?"

"नदीकडे, साहेब."

"आवळासुपारी?"

"हो. घरची वाटते, बाजारची नाही."

या वयात काय ती बारकाई. एवढ्या खोल्यांमधून त्यांनी नेमकी सगळ्यांत चांगली लिहिलेली उचलली. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाहेर पडताना स्वयंपाकघराच्या फळीवर नजर गेली. एकच कप, बशीत पालथा ठेवलेला, वर धूळ.

घरी येईपर्यंत अंगात वारं भरलं होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी दीड वाजता साहेब हॉटेलात आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मला वाटलं माझं काम बघायला आले. मी पुढे झालो, ते काउंटरवर गेले. सनीला म्हणाले, "दोनशे सहामध्ये माझी पत्नी आहे. वृंदा. मला वर जायचं आहे."

सनीला मी उनाड समजत होतो. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कौन किस रूम में है, हे आम्ही सांगू शकत नाही. मॅडमना फोन करा, त्या खाली येतील."

"फोन ती घेत नाही. आणि तुम्ही काय सांगणार, मला सगळं माहीत आहे. तुमच्याच माणसाने लिहून दिलंय. नाथा, सांग यांना."

 कप, उशी, डावा हात, फळीवरची धूळ, सगळं एकाच क्षणी एका रांगेत उभं राहिलं, त्या एकशे अकराच्या चपलांसारखं. आणि मला आठवलं तो चेहरा कुठे पाहिला. कारखान्यात खंडेनवमीच्या पूजेला, लांबून, वीस वर्षांपूर्वी.

साहेब म्हणाले, "तुझ्या चेकिंगची वेळ झाली ना? चल. मी बरोबर येतो."

मी नाही म्हणायला हवं होतं. लिहायला लाज वाटते, पण पाय चालू लागले. बत्तीस वर्षं त्या आवाजावर चालले होते, त्यांना माझं काय ऐकू येणार. सनी मागून म्हणाला, "काका." तेवढंच. जिना चढताना मी एक एक पायरी मोजली आणि एकाही पायरीवर थांबलो नाही.

दोनशे सहापुढे उभे राहिलो. दारावर पाटी. मी खाकरलो.

"खाकरतोस काय, उघड," साहेब म्हणाले.

आतून आवाज आला, "आहे."

मी म्हटलं, "ताई, मी नाथा. पण आज एकटा नाही. सोबत श्यामकांत साहेब आहेत."

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.  मग बाई म्हणाल्या, "आज नको."

"आज नको म्हणाल्या, साहेब."

साहेबांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं, नापास डब्याची चिठ्ठी घ्यायचे तसं, न बघता. मी देऊन टाकलं. दाराला लावलं. कडी सरकल्याचा आवाज मला आला नव्हता, तेल घातलेलं ना. पण दिवा लाल लागला. पुन्हा लावलं. पुन्हा लाल. तिळाएवढा दिवा. त्याच्यापुढे आमचे साहेब, ज्यांच्यापुढे कारखान्याची अख्खी पाळी उभी राहायची, ते थांबले. मी असा नवसाचा दिवाही कधी पाहिला नाही.

मग त्यांनी मूठ उगारली, दार ठोकायला. तेव्हा मी मध्ये गेलो. कसा गेलो ठाऊक नाही. पाठ दाराला, तोंड साहेबांकडे. म्हटलं, "साहेब, डब्याला सील लागलं की चेकरने हात लावायचा नाही. तुम्हीच शिकवलंत."

ते माझ्याकडे बघत राहिले.  मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. पाणी मागितलं. मी आणलं. पेला हातात धरून म्हणाले, "नाशिकला विचारलं होतं रे. तिथे ती गेलीच नव्हती. एकोणीस दिवस. मला वाटलं, कुठे पडली असेल तर."

दार बंदच होतं. पण आतून, अगदी दाराला तोंड लावून बोलल्यासारखा आवाज आला, "मी पडले नाहीये. चार वाजता खाली येते. तुम्ही जेवून घ्या."

चारला त्या आल्या. दोघं लॉबीत समोरासमोर बसले, सगळ्यांच्या देखत. मी चहा ठेवला आणि फाटकावर जाऊन उभा राहिलो. तरी एक वाक्य कानावर पडलंच. "मला घर नको होतं असं नाही. आतून लागणारी एक कडी हवी होती. अकरा वर्षं मागतेय."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी, बाई बाहेर पडायच्या आधी, दोनशे सहापुढे गेलो, खाकरलो, आणि 'आहे' आल्यावरही उभाच राहिलो. त्यांनी दार उघडलं. मी सगळं सांगून टाकलं. माझ्या कागदावरून कळलं, मीच दाखवला, मिरवायला.

"वाचा बरं काय लिहिलंत."

मी वाचलं. वाचताना माझं मलाच ऐकवेना. कपापासून कडीपर्यंत. हे मी कौतुकाने लिहिलं होतं, देवाशपथ. पण मोठ्याने वाचलं तर कोणाचा तरी खिसा उलटा केल्यासारखं वाटलं.

बाईंनी वही हातात घेऊन ते पान पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "नाव नाही, गाव नाही. एका उशीवरून ओळखलं त्यांनी मला?"

"दोनदा वाचलं, ताई. बोट ठेवून."

"मला वाटायचं, यांना माझ्यातलं काही दिसतच नाही." त्या खिडकीकडे वळल्या. "दिसत होतं सगळं. पाहत होते, अन् तरी कडी काही कळली नाही."

मी खाली मान घालून उभा. त्या म्हणाल्या, "तुम्हाला मी रागवायला हवं. दुपारी रागावते. आता काम आहे."

दुपारी रागावल्या नाहीत. 'आहे' म्हणाल्या फक्त, जरा कोरडं. ते मला पुरलं.

आमच्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. एक शीत दाबावं, कळतं. मी रोज अख्खं पातेलं चुलीवरून उतरवून रस्त्यावर उपडं करत होतो आणि वर लोकांना म्हणत होतो, बघा किती छान शिजलाय.

शेठ आले तेव्हा मी कागद समोर ठेवला. म्हटलं, ही मोठी चौकट काढा. दोनच प्रश्न ठेवा, पाहुणा सुखरूप आहे का, आणि वीज-पाणी ठीक आहे का. हो की नाही. बाकी मला दिसलं तरी हॉटेलला दिसू नये. आणि हे जमत नसेल तर मला फाटकावर परत पाठवा. शेठ म्हणाले, "पढ़ने में मजा आता था, नाथा भाई." मग थोडं थांबून, "मेरे घर के बारे में कोई ऐसा लिखे तो?" आणि स्वतःच चौकटीवर काट मारली.

कार्बनची वही घरी आणून बंबात घातली. अंजनी म्हणाली, "इतके दिवस लिवलं ते जाळायला?" म्हटलं, पाणी तापेल. आणि मग आठवलं, दोनशे सहाची ती ओळ न् ओळ या डायरीतही उतरवली आहे. ते पान फाडायला घेतलं. फाडलं नाही. मी काय केलं ते मला दिसत राहू दे. डायरी मात्र आता तांदळाच्या कणगीत ठेवतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांचा फोन. "नाथा, कडी बसवून घेतली. पितळेची. उल्हासनगरच्या बाजारातून आणली. येऊन बघ."

गेलो. बेडरूमच्या दारावर कडी झळकत होती. पुसून चकचकीत केलेली, स्क्रूची डोकी एका रेषेत. सुतारापाशी उभं राहून बसवून घेतलेलं काम, कळतं. मी दार उघडून आतली बाजू पाहिली, ती कोरी.

"साहेब, ही बाहेरून आहे."

"म्हणजे?"

"बाहेरच्या बाजूला बसवलीय. आतला माणूस लावणार कशी?"

साहेब दाराच्या या बाजूला उभे राहिले, मग त्या बाजूला गेले, मग परत आले. टाचणीच्या टोकाएवढा पोचा दहा फुटांवरून पकडणारा माणूस. कडी बसवली तेव्हा ते स्वतः जिथे उभे होते तिथेच बसवली. त्यांना दुसरी बाजू आहे हेच सुचलं नाही. "हो की," म्हणाले, फार हळू आवाजात.

स्क्रू ड्रायव्हर मागितला. एक एक स्क्रू काढून मी साहेबांच्या तळहातावर ठेवत गेलो, ते मूठ मिटून धरत होते. आतून बसवली. मग त्यांना म्हटलं, तुम्ही बाहेर थांबा. आत जाऊन कडी लावली. दोघं दाराच्या दोन बाजूंना. बऱ्याच वेळाने बाहेरून एक बारीक, अवघडलेला आवाज आला. साहेब खाकरले होते. सवय नाही, ठसका लागला बिचाऱ्यांना.

बाहेरच्या बाजूला चार भोकं राहिली. पुट्टी लावू का विचारलं. म्हणाले, "राहू दे."

३० नोव्हेंबर, रविवार

दोनशे सहाची खोली आज सोडली. बाईंनी सकाळीच निरोप पाठवला, खाली उतरायच्या आधी या. गेलो. खाकरलो.

"या," म्हणाल्या. महिन्यात पहिल्यांदा 'आहे' नाही, 'या'.

बॅग बांधलेली. टेबलावर चादर तशीच. म्हणाल्या, "घरी जाते. बघते कडी कशी चालते. नाही चालली तर तुमची खोली आहेच. निघायच्या आधी हे तुम्हाला दाखवायचं होतं. त्या दिवशी तुम्ही टोक धरून सोडलं म्हणून."

आणि चादर काढली.

काय होतं ते मी कागदावर लिहिलं नाही. इथेही लिहीत नाही. साहेबांनाही अजून दाखवलेलं नाही म्हणाल्या, दाखवेन तेव्हा मी दाखवेन. एवढंच लिहितो की जन्मभर जिथून येतो-जातो तिथलं काही मी कधीच पाहिलेलं नव्हतं, आणि एका बाईने चार भिंतींच्या आत, कडी लावून, ते सगळं पाहून ठेवलं होतं. माझे हात आपोआप जोडले गेले.  त्या म्हणाल्या, "बरं आलंय का?" मी मान हलवली. कोणत्या बाजूने हलली तेही मला ठाऊक नाही.

खाली सनीने विचारलं, "काका, काय होतं चादरीखाली? मला तर सांगा." मी कागद पुढे सरकवला. पाहुणा सुखरूप, हो. वीज-पाणी ठीक, हो. त्याने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि फाईलला लावला.

जाताना बाईंनी आवळासुपारीची डबी दिली. खोली झाडायला रखमाबाई गेल्या. म्हणाल्या, "भावजी, कडीला पुन्हा तेल घालून गेल्यात, पुढच्या माणसासाठी."

१ डिसेंबर, सोमवार

रजा घेतली. अंजनीला घेऊन अंबरनाथच्या शंकराच्या देवळात गेलो. बत्तीस वर्षं कारखान्यात जाता-येता बाहेरून हात जोडून सायकल पुढे काढली होती. आज देवळाभोवती फिरायलाच तास लागला. भिंतीवरच्या एक एक दगडी बाईपाशी थांबलो, काही तर कालच्या ओळखीच्या निघाल्या. कोणी पायातला काटा काढतेय, कोणी केस पिळतेय. नऊशे वर्षं उन्हात उभ्या, आणि प्रत्येकीचं काहीतरी स्वतःचंच चाललेलं.

"अहो, देव आत हाय," अंजनी म्हणाली. "भिंतीला काय बघत बसलाव?"

म्हटलं, थांब जरा.

मग मंडपात आलो. इथला गाभारा जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली गार अंधार, समईचा एक ठिपका. अंजनी पदर घेऊन उतरायला निघाली, मी तिचा हात धरला.

पहिल्या पायरीवर उभा राहून खाकरलो, आणि थांबलो.